पाव फुगेपर्यंत लिहा: लेखन, बेकिंग आणि कथावर्ग एका दिवसात बसवण्याची पद्धत

घरच्या पावाच्या कामात हाताचा वेळ फार थोडा लागतो. दोन पावांचा हिशेब मांडला, तर मिसळणं, घड्या घालणं, आकार देणं आणि ओव्हनपाशीची ये-जा हे सगळं मिळून तासाभरात आटपतं. सकाळी ७ ला सुरुवात केली की दुपारी ३ च्या सुमारास दुसरा पाव बाहेर येतो. मधले सात तास गोळा आपला आपण फुगत असतो. हे तास लिहिणाऱ्याच्या कामाचे.

अडचण एवढीच की हे सात तास सलग मिळत नाहीत. त्यात पंचवीस-तीस मिनिटांचे तुकडे आहेत, एक अडीच तासांचा मोठा पट्टा आहे आणि ओव्हनपाशी घुटमळण्याचा वेळ आहे. नवे लोक प्रत्येक तुकड्यात नवीन मजकूर लिहायला बसतात आणि दिवसाअखेर ना धड पाव होतो ना धड पान. कोणत्या तुकड्यात लेखनाचं कोणतं काम करायचं हे आधीच ठरवलं, तर संध्याकाळी शेजाऱ्यांसोबत कथावर्गही घेता येतो. पुढचं वेळापत्रक त्यासाठीच आहे.

## १. आधी सामान जमवा

पावासाठी:

- १ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. पेल्याने पीठ मोजू नका. तेच पीठ दाबून भरलं किंवा सैल भरलं की वजनात २० टक्क्यांपर्यंत सहज फरक पडतो.
- तापमापक. पाण्यालाही चालेल आणि भाजलेल्या पावातही खुपसता येईल असा टोकदार.
- ५-६ लिटरचा, सरळ भिंतींचा, झाकणाचा पारदर्शक डबा. पसरट परातीत गोळा किती वाढला ते कळतच नाही.
- झाकणाचं जाड, ओव्हनमध्ये चालणारं ४-५ लिटरचं भांडं.
- दोन खोलगट वाडगे, त्यात पसरायला सुती फडकी आणि भुरभुरायला तांदळाचं पीठ. तांदळाचं पीठ गव्हाच्या पिठासारखं पटकन ओलावा शोषून चिकट होत नाही, म्हणून गोळा फडक्याला धरत नाही.
- पात्याचा स्क्रेपर, नवं ब्लेड, जाळी, जाड हातमोजे.

लेखनासाठी वही, पेन्सिल आणि पोस्टकार्डाच्या आकाराची दहा-बारा कोरी कार्डं. शिवाय फोनवेगळा एक टायमर. हा टायमर अत्यावश्यक समजा. वेळ बघायला फोन उचलला की त्यावर आलेले निरोपही वाचले जातात आणि अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही.

## २. माप आणि पाण्याचं तापमान

दोन पावांसाठी:

- पावासाठीचा मैदा १००० ग्रॅम
- पाणी ६८० ग्रॅम
- मीठ २० ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा

मैद्याच्या पाकिटावर प्रोटीन किती ते बघा. ११ ते १३ टक्के असेल तर वरचं पाणी बरोबर आहे. ९-१० टक्के असेल तर पाणी ६२०-६४० ग्रॅमवर आणा, नाहीतर गोळा पसरतो आणि आकार धरत नाही. इन्स्टंटऐवजी साधं ड्राय यीस्ट असेल तर ४ ग्रॅम घ्या आणि मापातल्याच दोन-तीन चमचे कोमट पाण्यात आधी भिजवा.

आता पाण्याच्या तापमानाविषयी. पाककृतीत "कोमट पाणी" एवढंच लिहिलेलं असतं आणि बहुतेकांचं वेळापत्रक तिथेच कोसळतं. गोळा मिसळून झाल्यावर तो २५ अंशांच्या आसपास हवा. हिशेब सोपा आहे. २५ गुणिले ३ म्हणजे ७५. त्यातून खोलीचं तापमान, पिठाचं तापमान आणि हाताने मिसळताना वाढणारे साधारण २ अंश वजा करा. उरतं ते पाण्याचं तापमान. खोली ३० आणि पीठ २९ असेल तर पाणी १४ अंश, म्हणजे चक्क फ्रिजमधलं. खोली आणि पीठ दोन्ही २० असतील तर ३३ अंश. उन्हाळ्यात कोमट पाणी घातलं तर गोळा अडीच तासांतच वर येतो आणि तुमचा लेखनाचा मोठा पट्टा अर्ध्यावर तुटतो.

## ३. आदल्या रात्री दोन कार्डं लिहून ठेवा

पहिलं कार्ड पावाचं. त्यावर वजनं, पाण्याचं तापमान आणि प्रत्येक टप्प्याची वेळ.

दुसरं कार्ड कथेचं. त्यावर उद्या लिहायचा फक्त एक प्रसंग, तीन ओळींत: प्रसंगात कोण कोण आहे, त्यातल्या एकाला काय हवंय, आणि प्रसंग संपताना काय बदललेलं असेल. तिसऱ्या ओळीचं उत्तर सुचत नसेल तर प्रसंग अजून पिकलेला नाही. अशा वेळी दुसरा प्रसंग निवडा. सकाळी पीठ भिजवून झाल्यावर "आज काय लिहू?" हा प्रश्न पडता कामा नये. मोठा पट्टा त्या प्रश्नातच खर्ची पडतो.

## ४. सकाळी ७ ते ९.२०: तुकड्यांचा वेळ

७.००. फक्त पीठ आणि पाणी मिसळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, मळू नका. झाकून ठेवा. या विश्रांतीत पीठ पाणी पिऊन घेतं आणि ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या लवचिक प्रोटीनची, जाळी आपोआप बांधली जायला लागते. पुढे मळण्याचे कष्ट वाचतात ते यामुळेच.

या पाऊण तासात कालचं शेवटचं पान वाचा, फक्त पेन्सिल हातात ठेवून. खटकलं तिथे समासात खूण करा, सुधारू नका.

७.४५. मीठ आणि यीस्ट भुरभुरवा. ओल्या हाताने गोळा चिमटीत धरून तोडल्यासारखा करा, पुन्हा गोळा करा, असं चार-पाच मिनिटं. मीठ विरघळल्याचं बोटांना कळतं, कारण आधी जाणवणारी खरखर जाते. गोळा डब्यात घाला, वरचा भाग सपाट करा आणि डब्यावर बाहेरून पट्टी लावून पातळीची खूण करा. ही खूण विसरली तर पुढचा सगळा कारभार अंदाजावर.

८.२०, ८.५०, ९.२०. दर वेळी एक घडी. हात ओला करा, गोळ्याची एक कड खालून धरा, तुटणार नाही इतकी वर ताणा आणि पलीकडच्या कडेवर टाका. डबा एक चतुर्थांश फेरा फिरवून पुन्हा तेच, चारही बाजूंनी. पहिल्या घडीला गोळा लिबलिबीत असतो. तिसऱ्या घडीपर्यंत तो डब्याच्या भिंती सोडून वर येतो आणि घडी घातल्यावर आकार धरून राहतो. तसं झालं नाही तर अर्ध्या तासाने चौथी घडी घाला.

या घड्यांमधल्या वेळात नवीन मजकूर लिहू नका, हे माझं ठाम मत आहे. प्रसंग रंगात यायला वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात टायमर वाजतो. तीन वेळा असं झालं की चिडचिड होते आणि राग पावावर निघतो. इथे दुरुस्तीची कामं करा, कारण ती मध्येच सोडता येतात:

- पहिल्या तुकड्यात संवाद तपासा. "म्हणाला", "म्हणाली" झाकून वाचा. कोण बोलतंय ते कळत नसेल तर दोन्ही पात्रांच्या तोंडी तुमचीच भाषा आहे.
- दुसऱ्या तुकड्यात भावनांची नावं शोधा: दुःखी, एकटा, अस्वस्थ, आनंदी. प्रत्येकाखाली रेघ ओढा आणि त्यातलं एकच निवडून कृतीत बदला.

असं समजा की मजकुरात लिहिलंय, "म्हातारा एकटा होता." वाचकाला माहिती मिळाली, पण दिसलं काहीच नाही. आता हे पाहा: "म्हाताऱ्याने पावाचे दोन काप काढले, उरलेला पाव पिशवीत घातला आणि पिशवीवर आजची तारीख लिहिली." हा पाव त्याला बरेच दिवस पुरणार आहे आणि तो संपवायला दुसरं कुणी नाही, हे वाचक स्वतः ओळखतो. एकटेपणा हा शब्द कुठेही न येता पोचतो.

## ५. ९.२० ते ११.५०: मोठा पट्टा

दिवसातलं खरं लेखन इथे. सुरुवातीला ६० मिनिटं लिहा, मग २० मिनिटं उठून फिरा, पाणी प्या, गोळ्याकडे नजर टाका. नंतर पुन्हा ६० मिनिटं. कथेचं कार्ड समोर ठेवा आणि त्या तीन ओळींबाहेर जाऊ नका. नवं काही सुचलं तर कोऱ्या कार्डावर टिपून बाजूला ठेवा.

शब्दसंख्येचं लक्ष्य मी सुचवणार नाही. लक्ष्य प्रसंगाचं ठेवा. आठशे शब्द लिहून प्रसंग जागचा हललाच नसेल, तर त्यापेक्षा चारशे शब्दांत काहीतरी बदललं हे बरं. आणि थांबताना पुढचं वाक्य माहीत असतानाच थांबा. ते वाक्य कार्डावर लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापाशी अडायला होत नाही.

११.३० पासून गोळ्यावर लक्ष असू द्या. पातळी खुणेच्या दुप्पट, पृष्ठभाग किंचित फुगीर, भिंतींतून बुडबुडे दिसतात आणि डबा हलवला की गोळा थुलथुलतो, म्हणजे तयार. यीस्ट दिल्यापासून हे व्हायला २५ अंशांच्या खोलीत साधारण चार तास लागतात. खोली ३० अंश असेल तर अडीच-तीन तास, २० असेल तर सहा तासही लागू शकतात. घड्याळ आणि गोळा यांचं पटलं नाही तर गोळ्याचं ऐका.

इथला मोठा सापळा: लिखाण छान लागलंय आणि गोळा तयार आहे. "पाच मिनिटं" म्हणता म्हणता तास जातो. जास्त फुगलेल्या गोळ्यातली जाळी ढिली पडते, यीस्टने साखर संपवलेली असते, आणि मग पाव चपटा आणि रंगाने फिका होतो. उठायचं नसेल तर डबा सरळ फ्रिजमध्ये ठेवा. ४ अंशांवर फुगणं खूप मंदावतं. पण एवढा मोठा गोळा आतून थंड व्हायला वेळ घेतो, त्यामुळे तो पूर्ण दुप्पट होण्याआधीच, दीडपट-पावणेदोनपट असताना आत ठेवा.

## ६. आकार आणि मोठ्याने वाचन

११.५०. ओट्यावर हलकं पीठ भुरभुरून गोळा अलगद उलटा करा. वजन करून दोन भाग करा, प्रत्येकी साधारण ८५० ग्रॅम. सैलसर गोल करून २० मिनिटं झाकून ठेवा. नंतर कडा मध्यावर आणून गोळा उलटा करा आणि दोन्ही हातांच्या कडांनी स्वतःकडे ओढत घट्ट गोल करा. वरची त्वचा ताणलेली दिसली पाहिजे, फाटलेली नाही. फडकं पसरलेल्या वाडग्यात जोडाची बाजू वर ठेवून घाला.

१२.१५. दुसरी फुगवण, ६० ते ७० मिनिटं. भांडं एकच असेल तर दुसरा गोळा पंचवीस मिनिटांनी फ्रिजमध्ये ठेवा. तो आपली पाळी येईपर्यंत थांबतो.

१२.३०. झाकणासकट रिकामं भांडं आत ठेवून ओव्हन २४० अंशांवर लावा. भांडं खरोखर तापायला ४५-५० मिनिटं लागतात. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे हवा तापली, लोखंड नव्हे.

आता सकाळी लिहिलेला प्रसंग उभं राहून मोठ्याने वाचा. हजार शब्दांना आठ ते दहा मिनिटं लागतात. जिथे श्वास अपुरा पडतो ते वाक्य लांब आहे. जिथे जीभ अडखळते तिथे शब्दांचा क्रम चुकलाय. जिथे आवाज आपोआप सपाट होतो, तिथे तुम्हाला स्वतःलाच कंटाळा आलाय आणि तो परिच्छेद बहुधा काढावा लागेल.

१.१५. बोटाची परीक्षा. बोटाला पीठ लावून गोळ्यात अर्धा इंच दाबा. खड्डा झटकन भरला तर अजून वेळ आहे. सावकाश भरून थोडा खड्डा उरला तर लगेच ओव्हनमध्ये घाला. मुळीच भरला नाही तर उशीर झालाय, ब्लेडचा काप उथळ द्या आणि ताबडतोब भाजा.

## ७. ओव्हनपाशी फक्त ओव्हन

गोळा बेकिंग पेपरवर उलटा करा, ब्लेड तिरकं धरून एकच सलग काप द्या आणि कागदासकट भांड्यात उतरवा. झाकण लावून ३० मिनिटं. गोळ्यातली वाफ आत कोंडते, त्यामुळे कवच मऊ राहतं आणि पाव हवा तसा वर येतो. मग झाकण काढून २३० अंशांवर आणखी १८-२० मिनिटं. पावाच्या मध्यात ९६ ते ९८ अंश आले की झाला. बेकिंग पेपर किती तापमानाला चालतो ते पाकिटावर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

झाकण काढून ठेवल्यावर त्यावर हातमोजा टाकून ठेवा. तापलेलं झाकण आणि थंड झाकण दिसायला सारखंच असतं. या दीड-दोन तासांत लिहू नका. वर्गाची तयारी करा: कागद मोजा, सराव निवडा, खुर्च्या लावा.

भाजून झाला की जाळीवर ठेवा आणि निदान सव्वा ते दीड तास कापू नका. आतला स्टार्च थंड होताना घट्ट बसतो. गरम कापला तर सुरीला गिच्च लगदा लागतो आणि पाव कच्चा राहिल्याचा गैरसमज होतो.

## ८. शेजाऱ्यांना देताना

पाव कागदी पिशवीत द्या. कोमट पाव प्लास्टिकमध्ये गेला की वाफ आत धरते, कवच चामट होतं आणि बुरशी लवकर येते. चिठ्ठीवर घटक आणि भाजल्याची तारीख लिहा. गव्हाचं ग्लुटेन ज्यांना वर्ज्य आहे त्यांना "थोडासा चाखा" असा आग्रह चुकूनही करू नका. सीलिॲक आजार असलेल्यांना त्याच सुरीने कापलेलं दुसरं काही देणंही धोक्याचं आहे. तीळ, सुकामेवा, दूध यांपैकी काही घातलं तर ते ठळक लिहा.

भेट देणं वेगळं आणि विकणं वेगळं. एका पावाचे जरी पैसे घ्यायचे असले तरी आधी तुमच्या भागातले घरगुती खाद्यविक्रीचे नियम आणि परवाना तपासा.

शेजाऱ्यांच्या घरी पाव नेताना गोष्टीही कानावर येतात, आणि त्या उचलण्याचा मोह लिहिणाऱ्याला होतोच. कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट नाव बदलून वापरली तरी आजूबाजूचे ओळखतात. वापरायची असेल तर आधी विचारा. नको म्हणाले तर सोडून द्या.

## ९. संध्याकाळी ५ चा कथावर्ग

सहाच जणांना बोलवा. ही संख्या वेळेवरून ठरते. वर्ग ९० मिनिटांचा. स्थिरस्थावर व्हायला ५, सराव समजावून द्यायला १०, लिहायला २०. प्रत्येकी ३ मिनिटं वाचन आणि ४ मिनिटं प्रतिसाद, म्हणजे सहा जणांना ४२. झाले ७७. उरलेल्या १३ मिनिटांत प्रत्येकाने आपलं एक वाक्य पुन्हा लिहायचं आणि पाव खायचा. आठ जण आले तर वाचनालाच ५६ मिनिटं लागतात आणि शेवटचे दोघे घाईघाईत गुंडाळले जातात. नवख्या माणसाच्या मनात हे फार लागून राहतं.

सराव नेमका द्या. "बालपणावर लिहा" म्हटलं की सगळे निबंध लिहितात. त्याऐवजी: "एक माणूस दारात उभा आहे, त्याच्या हातात परत करायची एक वस्तू आहे. तो बेल वाजवत नाही. का, ते लिहायचं नाही." अडवणूक जितकी नेमकी तितकं लेखन मोकळं होतं.

प्रतिसादाचा क्रम ठरलेला असू द्या. आधी ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं ते सांगायचं, चांगलं-वाईट न म्हणता. मग लक्ष कुठे सुटलं ते. लेखकाने तेवढा वेळ गप्प बसायचं. तो खुलासा करायला लागला की वर्ग कथा सोडून खुलाशावर चर्चा करतो. "मी असतो तर असं लिहिलं असतं" हे वाक्य पहिल्याच दिवशी बंद करा. शिकवणाऱ्यालाही ते लागू.

कुणाला वाचण्याऐवजी तोंडी सांगायचं असेल तर पाठांतर करायला लावू नका. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं करायचं आणि मधला भाग पाच-सहा चित्रांच्या क्रमाने लक्षात ठेवायचा. पूर्ण पाठ केलेली गोष्ट एक शब्द विसरला की तिथेच थांबते.

पाव शेवटच्या १३ मिनिटांआधी टेबलावर आणू नका. वास आला की कुणाचं लक्ष कागदावर राहत नाही. सहभागींचं लेखन त्यांचं आहे. त्याचा फोटो, ध्वनिमुद्रण किंवा इतरांना उदाहरण म्हणून वाचून दाखवणं, प्रत्येक वेळी परवानगी घेऊनच.

## १०. रात्री दहा मिनिटं

पावाच्या कार्डामागे खोलीचं तापमान, पहिल्या फुगवणीला लागलेला खरा वेळ आणि कापल्यावर आत काय दिसलं ते लिहा. आतला भाग घट्ट आणि मध्येच मोठी भुयारं असतील तर गोळा कमी फुगला होता, पुढच्या वेळी अर्धा तास वाढवा. कथेच्या कार्डामागे कोणता तुकडा वाया गेला ते लिहा.

उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. एक-दोन दिवसांत संपणार असेल तर कापलेली बाजू खाली करून लाकडी पाटावर ठेवा. नाहीतर काप करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागतील तसे थेट टोस्टरमध्ये घाला.